भांडाराखालच्या चिंध्या

शास्त्रवाचन : यिर्मया ३८:१-१३, ३९:१५-१८



होळी होऊन गेली आणि उन्हे तापू लागली, की आपल्या रामाकोन्याकडील घरांत एक काम निघते. गहू-हरभरा घरात आलेला असतो, कापसाच्या वेचण्या संपलेल्या असतात, कन्हान नदीचे पाणी आटत आटत एका कडेला गेलेले असते, आणि पावसाळ्यापूर्वी घरावरची कवेलू फेरून घ्यावयाची असतात. कवेलू फेरावयाची म्हणजे माळा रिकामा करणे आलेच. आता पुष्कळ घरांवर स्लॅब पडला आहे. पण स्लॅबच्या घरालाही माळा सुटलेला नाही. मग एकेक वस्तू खाली येऊ लागते. पाय मोडलेली बाज, कल्हई उडालेली पातेली, काच नसलेला कंदील, मुलांना लहान झालेली स्वेटरे, आजीच्या लुगड्यांचे बोचके, आणि छिंदवाडा-नागपूर छोट्या गाडीच्या काळातली एक पत्र्याची ट्रंक. ती छोटी गाडी २०१५ साली बंद झाली व तिच्या जागी मोठे रूळ आले. २०२३ साली आपला सौंसर तालुका नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेला. ट्रंक मात्र होती तेथेच आहे, आणि तिच्यात काय आहे हे घरातल्या कोणालाच नक्की सांगता येत नाही.

खाली आलेल्या ह्या वस्तूंच्या मग वाटण्या होतात. जे बरे आहे ते 'पुढेमागे लागेल' म्हणून पुन्हा माळ्यावर चढते. जे त्याहून कमी बरे, ते बोहारणीपुढे ठेवून स्टीलचे एखादे पातेले पदरात पाडून घेतले जाते. लोखंड-पत्रा भंगारवाल्याकडे जातो. आणि ह्या तिघांनीही नाकारलेले जे उरते, त्याकडे पाहून आपण म्हणतो, "हे कोणा गरिबाला देऊन टाकू." ह्या शेवटच्या वाक्याविषयी आज मला आपणांशी बोलावयाचे आहे.

हौद, दोर आणि चिंध्या

यरुशलेमेस खास्द्यांच्या सैन्याचा वेढा पडला होता. नगरातली भाकर संपत आली होती. यिर्मयाने देवाचा संदेश काटछाट न करता सांगितला, म्हणून सरदारांनी त्याला धरून एका हौदात सोडले. हौदात पाणी नव्हते, चिखल होता. त्या चिखलात संदेष्टा रुतला. सिद्कीया राजाला हे ठाऊक होते, पण सरदारांना अडविण्याचे धैर्य त्याच्यापाशी नव्हते. देवाच्या लोकांपैकी कोणी पुढे आल्याचा उल्लेख नाही. पुढे आला तो एबद-मलेख नावाचा कूशी, म्हणजे परदेशी माणूस, राजवाड्यातला एक चाकर. तो राजाकडे गेला, स्पष्ट बोलला, आणि राजाने त्याच्याबरोबर तीस माणसे दिली.

तीस माणसे आणि दोर! एवढ्याने काम भागले असते. दोर सोडावयाचा, 'बांधून घे' म्हणावयाचे, आणि ओढून काढावयाचे. परंतु येथे पवित्र शास्त्र आपणांस एक लहानशी गोष्ट सांगण्यासाठी थांबते. एबद-मलेख प्रथम हौदाकडे गेला नाही. तो राजवाड्यात भांडाराखालच्या खोलीत गेला. तेथून त्याने जुन्या चिंध्या व विटलेले कपडे घेतले. ते त्याने वरून फेकले नाहीत. दोरांनी खाली सोडले. आणि यिर्मयाला सांगितले की हे आधी काखेत धर, मग त्यावरून दोर घे.

उपाशी, चिखलात रुतलेल्या माणसाला तीस जण ओढणार, तर दोराने त्याची कातडी सोलून निघेल, हे त्याच्या ध्यानात आले. जीव वाचविणे हे मोठे काम होते. पण त्या मोठ्या कामाच्या घाईतही काखेच्या कातडीचा विचार करावयास त्याला वेळ सापडला. मला वाटते, ख्रिस्ती दानधर्माचा सारा धडा ह्या एका कृतीत आहे. दोर सोडणारे पुष्कळ असतात; दोराखाली चिंधी देणारा एखादाच असतो.

आणखी एक गोष्ट पाहा. वर भांडार होते, खाली चिंध्यांची खोली होती. त्या दिवशी भांडारातले काहीच यिर्मयाच्या उपयोगी पडले नाही, उपयोगी पडल्या त्या चिंध्या. पुढे नगर पडले, राजवाडा जळाला (यिर्मया ३९:८). पण एबद-मलेखाला देवाने नावाने आठवून अभय दिले, ते त्याच अध्यायाच्या शेवटी आहे. तेव्हा माळ्यावरच्या अडगळीला कोणी हलके समजू नये. आपल्या आजीबाई चिंधीसुद्धा टाकीत नसत, तिची वाकळ करीत. प्रश्न चिंधी जुनी आहे की नवी हा नाही. ती कोणाचा विचार करून खाली सोडली जाते, हा आहे.

खिशाचा डाग

येथे माझ्या बालपणीची एक गोष्ट सांगतो. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. वडिलांचे काम सुटले होते. मंडळीतल्या एका भल्या घराने आईला कपड्यांचे गाठोडे दिले, त्यात एक निळा चौकड्यांचा सदरा होता. आईने तो धुऊन, इस्त्री नव्हती म्हणून गादीखाली ठेवून, रविवारी माझ्या अंगात घातला. मी मोठ्या दिमाखात संडे स्कूलला गेलो. वर्गात माझ्या शेजारच्या मुलाने माझ्याकडे निरखून पाहिले आणि मोठ्याने म्हणाला, "हा तर माझा सदरा! खिशाला शाईचा डाग आहे बघा." मुले हसली. त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हते. ओळखीची वस्तू दिसली म्हणून तो बोलला. पण त्या दिवशी सारी प्रार्थना मी खिशावर हात धरून केली.

पुढचे चार रविवार माझ्या पोटात दुखत होते. आईने काय ते ओळखले. तिने रागावण्याऐवजी सुई-दोरा घेतला व खिसाच उसवून टाकला. परंतु खिशाखालचे कापड उन्हाने विटलेले नव्हते. तेथे गडद निळा चौकोन उमटून दिसू लागला. डाग परवडला, असे झाले. आई तो सदरा हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली, ते मला आजही दिसते.

आमच्या संडे स्कूलच्या बाई त्या आठवड्यात घरी आल्या. सदऱ्याचे नाव त्यांनी काढले नाही. जाताना एवढेच म्हणाल्या, "बाळ, येत्या रविवारी धड्याची चित्रे तूच धरायचीस बरं का. मला उंच धरणारा मुलगा पाहिजे." मी गेलो. चित्र छातीसमोर धरल्यावर सदरा कोणाला दिसतच नव्हता. बाईंनी हे मुद्दाम केले, हे समजावयास मला वीस वर्षे लागली. त्या घराने मला दोर दिला होता, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. चिंधी मात्र बाईंनी दिली.

बंधुभगिनींनो, आपल्या ह्या भागात ही गोष्ट मोठी आहे. मुंबई-नागपूरसारख्या शहरात जुना कपडा कोणाचा हे कोणाला कळत नाही. पण रामाकोना, सौंसर, पांढुर्णा अशा ठिकाणी आपली कुटुंबे थोडी व एकमेकांच्या पूर्ण ओळखीची. कोणत्या लग्नात कोणी कोणते लुगडे नेसले होते, हेसुद्धा बायकांच्या ध्यानात असते. अशा गावात दिलेली वस्तू देणाऱ्याचे नाव घेऊन हिंडते. घेणाऱ्याने ती किती दिवस अंगावर वागवावी?

देण्याची रीत

देवाच्या नियमशास्त्रात ह्या गोष्टीची काळजी घेतलेली आहे. गहाण आणावयास गेलेल्या सावकाराने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे; तो माणूस स्वतः वस्तू बाहेर आणून देईल, असे अनुवाद २४:१०-११ मध्ये सांगितले आहे. घर मोडके असेल, पण त्याच्या उंबरठ्याला मान आहे. शेताच्या कडेचा सरवा गरिबांसाठी सोडावयाचा, तो त्यांनी स्वतःच्या हातांनी वेचावयाचा. आणि बवाज तर त्याही पुढे गेला. रूथ वेचीत असता तिला लाजवू नका, उलट पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे पडू द्या, असे त्याने गड्यांना बजावले (रूथ २:१५-१६). त्या संध्याकाळी रूथ घरी गेली ती भीक घेऊन नव्हे, आपल्या कष्टाचे धान्य घेऊन.

अलीकडच्या काळातही प्रभूच्या सेवकांनी ही रीत जुन्या वस्तूंना लावून दाखविली आहे. मुक्तिफौजेचे संस्थापक विल्यम बूथ यांनी १८९० साली लिहिलेल्या पुस्तकात अशी योजना मांडली की लंडनमधील घराघरांतून टाकाऊ वस्तू गोळा कराव्यात व बेकार माणसांना त्या दुरुस्त करण्याचे काम द्यावे. १९०२ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात एडगर हेल्म्स ह्या मेथडिस्ट पाळकांनी श्रीमंत वस्त्यांतून पोत्यांत भरून जुने कपडे व सामान आणले, गरीब लोकांना ते शिवण्या-सांधण्याची मजुरी दिली, आणि नीट केलेल्या वस्तू अल्प किमतीला विकल्या. ह्यातूनच पुढे 'गुडविल' नावाची मोठी संस्था उभी राहिली. आपल्या देशात अंशू गुप्ता यांनी १९९९ साली 'गूंज' ही संस्था काढली. खेड्यातील लोक विहीर, रस्ता, तळे असे गावाचे काम करतात, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून शहरांतून आलेले कपडे व सामान त्यांना मिळते. २०१५ साली गुप्ता यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खुद्द आपल्या मध्य प्रदेश शासनाने २०१६ साली आनंद विभाग स्थापन केला आणि २०१७ च्या जानेवारीत 'आनंदम' नावाची ठिकाणे उघडली. ज्याच्याजवळ अधिक आहे त्याने वस्तू आणून ठेवावी, ज्याला गरज आहे त्याने ती घेऊन जावी, असा त्यामागचा हेतू.

ह्या सर्वांत एक समान सूत्र आहे. देणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहत नाहीत. मध्ये कोठे श्रम असतात, कोठे अल्पशी किंमत, कोठे नुसती एक फळी. तीच दोराखालची चिंधी होय. दोन रुपये देऊन घेतलेल्या सदऱ्याला कोणी 'माझा' म्हणू शकत नाही. तो घेणाऱ्याचाच होतो.

आपल्या मंडळ्यांनी काय करावे?

हंगामाच्या उपकारस्तुतीला आणलेल्या जिनसांचा लिलाव करण्याची चाल आपल्या पुष्कळ मंडळ्यांत आहे. भोपळा कोणाचा व बोली कोणाची, ह्यात तेथे कोणालाच कमीपणा वाटत नाही. त्याच धर्तीवर, कवेलू फेरण्याच्या ह्या दिवसांत, जुन्या वस्तूंची विक्री मंडळीने भरवावी असे मी सुचवितो. मात्र काही पथ्ये पाळावीत.

पहिले पथ्य असे की वस्तू धुतलेली, सांधलेली व सर्व गुंड्यांनिशी यावी. मागे मी एक स्वेटर देण्यासाठी बाजूला काढले. मनात थोडे समाधानही वाटत होते. तेवढ्यात आमच्या मंडळी म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही स्वतः अंगात घालाल का?" त्याला एकच गुंडी होती व कोपर फाटले होते. मी निरुत्तर झालो. लंगडे व रोगी जनावर आपल्या सुभेदाराला नेऊन दाखवा, तो प्रसन्न होईल का पाहा, असा सवाल मलाखी संदेष्ट्याने देवाच्या वेदीपुढील याजकांना टाकला होता (मलाखी १:८). जे आपण पाळकसाहेबांच्या घरी पाठविणार नाही, ते गरिबाच्या घरीही पाठवू नये.

दुसरे, रामाकोन्याच्या वस्तू रामाकोन्यात विकू नयेत. त्या सौंसरला न्याव्यात, सौंसरच्या पांढुर्ण्याला, पांढुर्ण्याच्या इकडे आणाव्यात. थोडा भाडेखर्च येईल, पण कोणाच्या खिशाचा डाग कोणी ओळखणार नाही.

तिसरे, खरेदी सर्वांनी करावी, आणि पाळक व वडीलजन यांच्या घरच्यांनी आधी करावी. ज्या विक्रीत फक्त गरजूच घेतात, ती विक्री नव्हे. ती किमतीची चिठ्ठी लावलेली भीक आहे. जेथे पाळकीणबाई जुनी कढई घेतात, तेथे विधवा भगिनीला जुने लुगडे घेण्यात संकोच वाटणार नाही.

चौथे, किंमत भगिनी मंडळाने ठरवावी व ती इतकी थोडी असावी की मजुरीवर जाणाऱ्यालाही घेता यावे. ज्याच्याजवळ तेवढेही नाही, त्याला विक्रीच्या मांडामांडीचे, हिशेबाचे वा शिवणाचे काम द्यावे व त्या कामाचे मोल म्हणून वस्तू द्यावी. जमलेल्या पैशाचा हिशेब उपासनेनंतर वाचून दाखवावा.

पाचवे, सर्वच काही विकावयाचे नसते. पौलाने तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना त्रोवसात राहिलेला आपला झगा आणि पुस्तके, विशेषतः चर्मपत्रे, मागवून घेतली (२ तीमथ्य ४:१३). माळ्यावर कौटुंबिक पवित्र शास्त्र सापडेल, ज्याच्या पहिल्या पानावर आजोबांच्या बाप्तिस्म्याची तारीख आहे. 'उपासना संगीता'ची जुनी प्रत, मंडळीच्या सभांची वही, जुनी पत्रे सापडतील. ती रद्दीत घालू नका. पाळकांना दाखवा. आपल्या लहान मंडळ्यांचा इतिहास दुसरीकडे कोठे लिहिलेला नाही.

संडे स्कूलच्या शिक्षकांना एक सूचना. हा धडा घेताना एक सुतळी वर्गात न्यावी. प्रत्येक मुलाने ती आपल्याच मनगटावर हलकेच ओढून पाहावी. मग मनगटावर रुमाल ठेवून पुन्हा ओढावी. यिर्मयाची गोष्ट मुले विसरणार नाहीत. आणि त्याच वेळी त्यांना सांगावे की मित्राच्या अंगावर आपली वस्तू दिसली तर गप्प राहणे हेसुद्धा देणेच आहे. देण्याचा अर्धा भाग हातांनी होतो, उरलेला अर्धा जिभेने सांभाळावा लागतो.

दुसऱ्याचे वस्त्र

आता शेवटची गोष्ट. हे दिवस प्रभूच्या दुःखसहनाचे आहेत. उत्तम शुक्रवारी आपण वधस्तंभाजवळ उभे राहतो, तेव्हा शिपायांकडेही पाहावे. ते आपल्या तारणाऱ्याचे कपडे वाटून घेत आहेत. चार वाटे झाले, आणि वरपासून विणलेल्या बिनशिवणीच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या (योहान १९:२३-२४). जगाच्या धन्याची वस्त्रे जुन्या बाजारातल्या मालासारखी वाटली गेली, आणि तो उघडा राहिला. जो जन्मला तेव्हा बाळंत्यात गुंडाळला गेला, तो दुसऱ्याच्या कबरेत ठेवला गेला.

आणि त्याने आपणांस काय दिले? ज्यांनी ख्रिस्तात बाप्तिस्मा घेतला त्यांनी ख्रिस्ताला परिधान केले आहे, असे पौल गलतीकरांस शिकवितो (गलती ३:२७). म्हणजे आपण सारेच, पाळक काय आणि मजूर काय, दुसऱ्याचे वस्त्र अंगात घालून देवापुढे उभे आहोत. आपल्या स्वतःच्या शिवणीचे तेथे काहीच नाही. पण ज्याचे ते वस्त्र आहे, तो चारचौघांत बोट दाखवून 'हा माझा सदरा' असे कधी म्हणत नाही. तो आपणांस भाऊ म्हणतो, आणि ते वस्त्र आपलेच असावे अशा रीतीने वागवू देतो.

ज्याने असे घेतले आहे, त्याने कसे द्यावे, हे आता निराळे सांगावयास नको. येत्या आठवड्यात शिडी लावून माळ्यावर चढाल तेव्हा एबद-मलेखाची आठवण ठेवा. वस्तू हातात घेतली की ती कोणाच्या अंगावर जाणार, त्याला ती कोठे टोचेल, एवढे क्षणभर मनात आणा. आणि मगच ती खाली सोडा.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आम्ही साठविले ते पुष्कळ, आणि दिले ते थोडे, दिले तेव्हाही पुष्कळदा फेकून दिले. आम्हांला क्षमा कर. ज्यांना आम्ही कळत-नकळत लाजविले, त्यांच्या मनाची जखम भरून काढ. आमच्या हातांना एबद-मलेखाची काळजी आणि आमच्या जिभेला मौन शिकव. आमच्यासाठी उघड्या झालेल्या प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.